वॉर्साचे रेडिएटर, निफाडचे पंप : ऊर्जा बचत आणि हवामानातल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर, अंबड, सिन्नर आणि हंगामात पिंपळगाव-ओझर पट्ट्यात एनर्जी ऑडिटचं काम करताना तेच ते प्रश्न ऐकू येतात. कारखानदार विचारतात, इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी विचारतात, बागायतदार चहा पिता पिता विचारतात. ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ म्हटलं की बहुतेकांना परिषदा, गटफोटो आणि जाडजूड अहवाल आठवतात. तेही असतंच. पण 1990 नंतर पूर्व युरोपात या नावाखाली जे प्रयोग झाले, त्यातले काही आपल्या अगदी कामाचे आहेत आणि काही चक्क फसवणुकीचे आहेत. दोन्ही माहीत असलेले बरे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऊर्जेची बचत यंत्राअभावी फारशी अडत नाही. मीटर नसतो, किंवा बचतीचा पैसा भलत्याच खिशात जातो, म्हणून ती अडते. परदेशी पैसा या दोन गाठी सोडवायला वापरला तिथे तो सत्कारणी लागला.

‘संक्रमणशील अर्थव्यवस्था’ म्हणजे नेमके कोणते देश?

1989 ते 1991 या काळात ज्यांनी सरकारी नियोजनाची अर्थव्यवस्था सोडून बाजाराची वाट धरली, ते. पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, बल्गेरिया, रुमानिया, तिन्ही बाल्टिक देश, रशिया, युक्रेन, कझाकस्तान वगैरे. 1992 च्या रिओच्या हवामान करारात त्यांतल्या बहुतेकांना औद्योगिक देशांच्या यादीत घातलं, पण थोडी सूट देऊन. बाकीच्यांचं कपात मोजायचं आधारवर्ष 1990 असताना पोलंडला 1988 घेऊ दिलं, हंगेरीला 1985 ते 1987 ची सरासरी. कारण 1990 उजाडेपर्यंत त्यांचे कारखाने बसायला लागले होते, आणि घसरलेल्या आकड्यावरून आणखी कपात मागणं अन्यायाचं झालं असतं. हे घसरलेले आकडे लक्षात ठेवा, पुढे ‘हॉट एअर’च्या प्रश्नात ते पुन्हा येणार आहेत.

भारत या यादीत आहे का?

नाही. हवामान कराराच्या भाषेत आपण विकसनशील देश. 1991 मध्ये आपणही परवाना राज मोडायला घेतलं, तरी आपल्याला कोणी त्या यादीत घातलं नाही. आर्थिक दुखणी मात्र बरीच सारखी होती, म्हणून तर हे सगळं वाचायचं.

त्या देशांत एवढी ऊर्जा वाया का जात होती? लोक निष्काळजी होते का?

लोक अगदी आपल्यासारखेच होते. वॉर्सा किंवा सोफियातल्या एखाद्या पॅनेलच्या इमारतीचा विचार करा. काँक्रीटचे तयार फलक जोडून उभारलेल्या, पाच ते अकरा मजली, एकसारख्या. गरम पाणी शहराच्या मध्यवर्ती बॉयलर हाउसमधून जमिनीखालच्या पाइपांनी येणार आणि प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमधून फिरणार. रेडिएटरला वॉल्व्ह नाही, असला तर गंजून बसलेला. घरात मीटर नाही. बिल घराच्या क्षेत्रफळावर, चौरस मीटरला इतके. बाहेर उणे पाच तापमान, आत सव्वीस-सत्तावीस. मग माणूस काय करेल? खिडकी उघडेल. हिवाळाभर उघड्या खिडक्यांतून कोळसा उडत होता, म्हणा ना.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरची म्हातारी मात्र कुडकुडत असायची, कारण पाण्याचा दाब खालच्यांनीच खाल्लेला. उधळपट्टी आणि गैरसोय एकाच पाइपवर नांदत होती. रेडिएटर बंद करून कोणाचा एक झ्लॉटीही वाचत नव्हता, मग कोण कशाला बंद करेल?

कारखान्यांचंही तेच. पोलाद, सिमेंट, खत यांचं उद्दिष्ट टनांत दिलेलं, ऊर्जेचा भाव नाममात्र. टनामागे किती कोळसा जळला याचा हिशेब कोणी मागत नव्हतं.

हे सगळं ठीक, पण नाशिकचा संबंध काय?

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शेतात जाऊन बघा. मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी वर्षानुवर्षं अश्वशक्तीवर होत आली. पाच अश्वशक्तीचा पंप महिन्यात वीस तास चालला काय आणि दोनशे तास चालला काय, आकडा तोच. तीन-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला उठून बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला कोण जाणार? म्हणून ‘ऑटो’ लावून ठेवतात. वीज आली की सगळ्यांच्या मोटारी एकाच क्षणी उठतात, डीपीवर ताण येतो, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात. गावातला रिवाइंडिंगवाला ती मोटर पुन्हा भरतो, दर वेळी तिची कार्यक्षमता थोडी उतरते, आणि ती आणखी वीज खाते.

इथेही शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. वॉर्सातल्या माणसाने खिडकी उघडली तशीच त्याने ऑटो लावली. त्याच्या जागी मी असतो तर मीही लावली असती. 2024 च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात पाच वर्षांसाठी मोफत वीज आहे, म्हणजे ती गाठ आणखी घट्ट झाली. शेतकऱ्याला दिलासा हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण पंप बदलून वाचलेल्या युनिटचा पैसा त्याच्या हातात पडणार नसेल, तर चांगला पंप घ्यायला तो स्वतःच्या खिशातून पैसे का घालेल? केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने, म्हणजे बीईईने, सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा भागात जुने पंप बदलून देण्याचा पथदर्शी प्रकल्प केला, तोही याच तिढ्यातून मार्ग काढायला. दिवसा चालणारे सौर फीडर हा त्यातल्या त्यात बरा उतारा. निदान रात्रीची ऑटो सुटते.

पूर्व युरोपात बाहेरची मदत आली कशी? कोण कोण आलं?

भलीमोठी यादी आहे, ठळक तेवढे सांगतो. 1991 मध्ये लंडनला युरोपीय पुनर्बांधणी आणि विकास बँक उभी राहिली, खास याच देशांसाठी. त्याच वर्षी जागतिक पर्यावरण सुविधा, म्हणजे ‘जेफ’, सुरू झाली. जागतिक बँकेने 1991 मध्येच वॉर्सा, क्राकुव, ग्दान्स्क आणि ग्दिन्या या शहरांच्या उष्णताजाळ्यांना कर्ज दिलं. 1994 मध्ये लिस्बनला ऊर्जा सनद करारावर सह्या झाल्या आणि त्याला ऊर्जा कार्यक्षमतेचं वेगळं परिशिष्ट जोडलं गेलं.

मला यातली सगळ्यात शहाणपणाची वाटते ती गोष्ट मात्र आकाराने लहान होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पुढाकाराने प्राग, वॉर्सा, मॉस्को, सोफिया, कीव्ह इथे ऊर्जा कार्यक्षमता केंद्रं निघाली. चालवणारे सगळे स्थानिक. बाहेरून आला तो सुरुवातीचा पैसा आणि हिशेबाची पद्धत. बाहेरचा निधी आटल्यावरही त्यांतली बरीच केंद्रं टिकली, कारण नगरपालिकांना आणि कारखान्यांना त्यांची गरज पडत होती. देशाचे कायदे लिहायलाही हेच लोक कामाला आले.

पोलंडने आणखी एक चलाख काम केलं. 1991 मध्ये सावकार देशांनी त्याचं निम्मं कर्ज माफ केलं. पोलंड म्हणाला, आणखी थोडं सोडा, तेवढी रक्कम आम्ही पर्यावरणावर खर्च करतो. अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड, स्वीडन वगैरेंनी ते मान्य केलं आणि 1992 मध्ये ‘इकोफंडुश’ नावाचा निधी सुरू झाला. बुडीत जाणारं कर्ज कारखान्यांच्या धुराड्यांचा धूर कमी करण्यावर खर्ची पडलं.

यातला कोणता प्रयोग खरोखर चालला?

उष्णताजाळ्यांचा. आणि त्यात जादू काहीच नव्हती. इमारतीच्या तळघरात उष्णता विनिमयक (हीट एक्स्चेंजर) बसवला, बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाणी आपोआप कमी-जास्त करणारा कंट्रोलर लावला, इमारतीला मीटर दिला, रेडिएटरला थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह दिला. सरकारने सबसिडी टप्प्याटप्प्याने काढली, गरिबांना वेगळी मदत दिली. या क्रमाला महत्त्व आहे. आधी वॉल्व्ह, मग भाव. हातात वॉल्व्ह नसताना नुसता भाव वाढवला तर माणूस फक्त चिडतो. 1998 मध्ये पोलंडने इमारतींच्या थर्मल आधुनिकीकरणाचा कायदा केला. बँकेचं कर्ज काढून भिंतींना उष्णतारोधक थर द्या, कर्जाचा काही भाग सरकारी निधी फेडेल. जुन्या पॅनेलच्या इमारती आज रंगीबेरंगी दिसतात त्या रंगाखाली हा थर आहे.

दिव्यांचा प्रयोगही चांगला झाला. 1995 ते 1998 मध्ये जेफने 50 लाख डॉलर दिले आणि आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने, म्हणजे आयएफसीने, ते पोलंडमध्ये राबवले. सबसिडी ग्राहकाला न देता सीएफएल बनवणाऱ्या कारखान्यांना दिली. कारखान्यात एक रुपया कमी केला की घाऊक, किरकोळ आणि कर अशा टप्प्यांवरची त्याची वाढही कमी होते, त्यामुळे दुकानात भाव जास्त उतरला. सुमारे 12 लाख दिवे विकले गेले.

आणि बँका? आमच्याकडे बँक एनर्जी सेव्हिंगला कर्जच देत नाही.

हंगेरीतही देत नव्हत्या. बँकेला तारण म्हणून जमीन कळते, शेड कळतं, नवी सीएनसी कळते. ‘दर महिन्याला बिल चाळीस हजारांनी कमी येईल’ हे तारण तिला कळत नाही. 1997 मध्ये आयएफसी आणि जेफ यांनी हंगेरीत एक योजना काढली. त्यांनी स्वतः कर्ज दिलं नाही, स्थानिक बँकांच्या कर्जाला अंशतः हमी दिली. बुडलं तर नुकसान वाटून घेऊ. सोबत बँक अधिकाऱ्यांना असे प्रस्ताव तपासायला शिकवलं. हमीचे पैसे प्रत्यक्षात फार क्वचित द्यावे लागले. जोखीम मोठी नव्हती, अनोळखी होती.

आपल्याकडे सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेची अंशतः जोखीम वाटून घेणारी योजना याच घराण्यातली. सिडबी आणि बीईई यांनी जागतिक बँक-जेफच्या पैशातून लघुउद्योगांच्या समूहांत काम केलं, त्यात कोल्हापूरच्या फाउंड्री आणि पुण्याची फोर्जिंग युनिट्स होती. 2025 मध्ये केंद्राने ‘अदिती’ नावाची योजना आणली. कार्यक्षम यंत्रासाठी घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म-लघु उद्योगांना 5 टक्के आणि मध्यमांना 3 टक्के व्याजसवलत. तुमच्या शाखेतल्या साहेबांना हे माहीत असेलच असं धरून चालू नका. परिपत्रकाची प्रत खिशात घेऊन जा.

‘हॉट एअर’ची भानगड काय आहे?

इथे थोडं सावकाश वाचा. 1997 च्या क्योटो करारात रशिया आणि युक्रेनला 1990 च्या पातळीवर राहण्याचं उद्दिष्ट मिळालं, म्हणजे कपात शून्य. पण कारखाने बंद पडल्याने त्यांचं उत्सर्जन आधीच कोसळलं होतं. युक्रेनचं तर निम्म्याहून खाली गेलं. उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष यातला फरक त्यांच्या खात्यावर शिल्लक म्हणून जमा झाला आणि तो विकता येत होता. कोणी काहीही सुधारलेलं नाही, फक्त धंदा बसला म्हणून धूर कमी झाला, आणि त्याचे पैसे. या शिलकीला ‘हॉट एअर’ नाव पडलं. गंमत अशी की हा करार अमलात यायलाच रशियाची मंजुरी लागली. ती 2004 च्या शेवटी मिळाली आणि 16 फेब्रुवारी 2005 ला करार लागू झाला. सौदा कोणाच्या हातात होता ते यावरून कळतं.

काही देशांनी लाज राखली. चेक प्रजासत्ताकाने जपानसारख्या खरेदीदारांना शिल्लक विकली आणि तो पैसा 2009 पासून ‘हरित बचत’ कार्यक्रमात घातला. घरांना उष्णतारोधक थर, जुन्या कोळशाच्या शेगड्यांच्या जागी चांगले बॉयलर. याला हरित गुंतवणूक योजना म्हणत. युक्रेननेही 2009 मध्ये जपानला विकली, पण तो पैसा पेन्शनीवर खर्च झाल्याचे आरोप पुढच्याच वर्षी झाले. बल्गेरियाचा तर उत्सर्जनाचा हिशेबच नीट नाही म्हणून 2010 मध्ये त्याला काही महिने व्यापार करायला बंदी होती.

त्याच करारात ‘संयुक्त अंमलबजावणी’ अशी दुसरी वाट होती. श्रीमंत देशाने संक्रमणशील देशातल्या प्रकल्पात पैसा घालायचा आणि कपातीचं श्रेय घ्यायचं. 2015 मध्ये स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी त्यातली प्रमाणपत्रं तपासली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश प्रमाणपत्रांमागे खरी जादा कपात नसावी असं निघालं. बहुतेक रशिया-युक्रेनची. तपासणारा आणि तपासून घेणारा एकाच पंगतीला बसले की असंच होतं.

मग कार्बन क्रेडिट विकून माझ्या कारखान्याला पैसे मिळतील का?

लहान युनिटला? धरून चालू नका. क्रेडिट म्हणजे उत्सर्जन कपातीचं विकता येणारं प्रमाणपत्र. कोणी एजंट येऊन ‘साहेब, तुमच्या सोलरवर क्रेडिट काढून देतो, आधी नोंदणीचे एवढे भरा’ म्हणाला तर त्याला चहा द्या, चेक देऊ नका. 2009 ची ‘बचत लॅम्प योजना’ आठवा. क्रेडिट विकून सीएफएलचा खर्च भागवायचा, असा केंद्राचा बेत होता. 2012 मध्ये क्रेडिटचा भाव एका युरोच्या खाली गेला आणि गणितच बसलं.

दिवे आले ते दुसऱ्या वाटेने. 5 जानेवारी 2015 ला सुरू झालेल्या उजाला योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीने एलईडी बल्ब घाऊक निविदेने घेतले. 2014 मध्ये 310 रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत 38 रुपयांवर आला. कार्बन बाजाराने जे जमलं नाही ते मोठ्या खरेदीने जमवलं.

2023 मध्ये भारताने स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. ती आधी मोठ्या ऊर्जाखाऊ उद्योगांसाठी आहे.

नाशिकमध्ये असं परदेशी सहकार्य झालेलं आहे का?

ऊर्जेचं म्हणाल तर सगळ्यात जवळचं उदाहरण विल्होळीजवळच्या खतप्रकल्पाच्या आवारात आहे. जर्मन सरकारच्या हवामान निधीतून, जीआयझेड या त्यांच्या संस्थेमार्फत, महापालिकेने वेस्ट टू एनर्जी प्रकल्प उभा केला. हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवायचा, गॅस काढायचा, त्यावर वीज करायची. तंत्र सरळ आहे. अशा कोणत्याही प्रकल्पाचं नशीब जर्मन टाकीपेक्षा हॉटेलच्या मागच्या दारात ठरतं. तिथे खरकट्यात प्लॅस्टिकचे चमचे आणि पाण्याच्या बाटल्या पडल्या की टाकीतल्या जिवाणूंचं पोट बिघडलंच.

बाकी परदेशी तंत्राचं नाशिकला अप्रूप नाही. ओझरला मिग विमानांचा कारखाना सोव्हिएत सहकार्यानेच 1964 मध्ये उभा राहिला. त्या पिढीतल्या तंत्रज्ञांना रशियन ड्रॉइंग वाचता यायची.

एकलहरेसारख्या जुन्या औष्णिक केंद्रांचं काय?

एकलहऱ्याला 210 मेगावॉटचे तीन संच आहेत, वय झालेले. याच आकाराच्या, कोराडीच्या सहाव्या संचाचं नूतनीकरण जागतिक बँक आणि जेफच्या 2009 च्या प्रकल्पातून झालं. त्यावर पर्यावरणवाल्यांचा आक्षेप असतो की हे कोळशाला दिलेलं जीवदान आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण संच पुढची दहा-पंधरा वर्षं चालणारच असेल तर युनिटमागे कमी कोळसा जाळून चाललेला बरा, एवढंच मी म्हणेन.

परदेशी सल्लागार येतात, अहवाल देतात, जातात. खरं ना?

खरं. पूर्व युरोपात पहिल्या काही वर्षांत याच तक्रारी होत्या. मदतीचा मोठा वाटा पाश्चात्त्य सल्लागारांच्या दिवसभत्त्यात आणि विमानभाड्यात जायचा. माझी एकच कसोटी आहे. ते गेल्यावर इथे काय उरलं? मोजणारा माणूस उरला, मीटर उरला, बँकेतला एखादा शिकलेला अधिकारी उरला, तर प्रकल्प लागला. रंगीत पीडीएफ उरली तर नाही.

अंबडमधल्या लहान युनिटने सुरुवात कुठून करायची?

हवेपासून. कॉम्प्रेसरच्या हवेपासून.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शॉप फ्लोअरवर या. सगळी मशिन बंद ठेवा, हवेचे वॉल्व्ह रोजच्यासारखे उघडे ठेवा आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करा. कोणी हवा वापरत नाही, तरी दाब भरला की तो अनलोड होईल, म्हणजे हवा भरणं थांबवेल, आणि थोड्या वेळाने परत लोड घेईल. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून लोडचा आणि अनलोडचा वेळ पाच-सहा फेऱ्या लिहून काढा. समजा सरासरी दोन मिनिटं लोड, सहा मिनिटं अनलोड. आठातली दोन मिनिटं, म्हणजे तुमच्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली 25 टक्के हवा गळतीत जाते. कोणत्याही उपकरणाशिवाय कळलं.

मग कान लावून फिरा. सुट्टीच्या शांततेत गळती ऐकू येते, फुस्स असा आवाज. क्विक कपलर, एफआरएलचा (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटरचा) वाडगा, पीयू ट्यूबचं (प्लॅस्टिकच्या नळीचं) तोंड आणि ज्या कोपऱ्यातलं मशिन दोन वर्षांपूर्वी हलवलं तिथे तसाच सोडलेला पाइप. सात बारला तीन मिलिमीटरचं एक भोक सुमारे तीन ते चार किलोवॉट खातं. साडेतीन धरा. दोन पाळ्या, वर्षाचे तीनशे दिवस, युनिटला नऊ रुपये, तर एका भोकाचे वर्षाला दीड लाख. वायसर बदलायला किती लागतात ते तुम्हीच सांगा.

यानंतर दाब बघा. मशिनला साडेपाच बार पुरत असताना कॉम्प्रेसर साडेसातवर ठेवलेला असतो, ‘असू द्या, सेफ्टीला’ म्हणून. एक बार उतरवलात तर सहा-सात टक्के वीज वाचते. आणि पाळी सुटताना अंगावरच्या चिप्स हवेच्या गनने झटकायची सवय बंद करा. बचत आहेच, शिवाय डोळ्यात गेलं तर काय, हाही प्रश्न आहे.

उच्चदाब ग्राहकांना 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामी न येणारी वीजही धरून, बिल येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ढासळला तर तो थेट युनिटमध्ये दिसतो. कपॅसिटर पॅनेलमधले जळालेले कपॅसिटर मोजून काढा. एवढं झालं की मग ऑडिटरला बोलवा. महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेकडे ऑडिटच्या खर्चाला मदत मिळते का ते आधी विचारून घ्या.

युरोपला नट-बोल्ट पाठवतो. ‘सीबॅम’चा कागद भरायला सांगतायत. काय आहे हे?

युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार, म्हणजे माल बनवताना झालेल्या उत्सर्जनापोटी आयातीवर लागणारा पैसा. 1 ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासून पैशाचा टप्पा सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज आणि हायड्रोजन यांवर आहे. पोलादात नट-बोल्टही येतात. पैसे तिथला आयातदार भरतो, पण आकडे तुमच्याकडून मागतो आणि आकडे नसतील तर भावात कापतो. वर्षाला 50 टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला सूट दिलेली आहे. ही मर्यादा त्याच्या एकूण आयातीवर असल्याने तुमची खेप लहान असली तरी हायसं वाटून घेऊ नका.

पुन्हा तेच, मीटर. भट्टीला वेगळा मीटर असेल तर आकडा देणं एका दुपारचं काम. पूर्ण शेडला एकच मीटर असेल तर अंदाजपंचे आकडे भरावे लागतात आणि ते सहसा तुमच्या तोट्याचे निघतात.

द्राक्षाच्या कोल्ड स्टोअरेजवाल्यांना यात काही आहे का?

आहे, आणि दोन बाजूंनी. पहिली बाजू विजेची. तोडलेला माल काही तासांत चार अंशांच्या खाली आणायचा, मग शून्याच्या आसपास ठेवायचा. प्रीकूलिंगच्या त्या तासांत सगळा लोड येतो. दाराचा पडदा फाटलेला, कॉइलवर बर्फ जमलेला, कंडेन्सरवर फेब्रुवारी-मार्चची धूळ साचलेली, या तीन गोष्टींत हंगामाचं बिल बऱ्यापैकी फुगतं. विजेच्या सवलतीच्या तासांत थंडावा साठवून ठेवता येतो का ते बघा.

दुसरी बाजू वायूची. ओझोन कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीला भारताने 2021 मध्ये मंजुरी दिली. आपल्याकडे थंडाव्याच्या यंत्रांतल्या एचएफसी वायूंचा वापर 2028 ला गोठणार आणि 2032 पासून उतरणार. नवीन रूम टाकत असाल तर आज निवडलेला वायू दहा वर्षांनी कोणत्या भावाने मिळेल याचा विचार करा. अमोनियाचं तंत्र जुनं आणि जास्त कार्यक्षम आहे, पण सुरक्षिततेची शिस्त मागतं. इथेही संक्रमणशील देशांचा एक धडा आहे. ओझोन कराराचा नेहमीचा निधी त्यांना लागू नव्हता, म्हणून जेफने त्यांच्यासाठी वेगळा पैसा काढला, आणि 2000 च्या शेवटी रशियातलं ओझोन खाणाऱ्या सीएफसी वायूंचं उत्पादन खास आंतरराष्ट्रीय निधी देऊन बंद करण्यात आलं. कारखाना बंद करायलाही पैसे मोजावे लागतात.

बचत केली की लोक वापर वाढवतातच ना? मग उपयोग काय?

काही प्रमाणात वाढवतात. बल्गेरियातल्या घरांना उष्णतारोधक थर दिल्यावर कागदावरच्यापेक्षा बचत कमी भरते, कारण पूर्वी एकच खोली गरम ठेवणारं कुटुंब आता दोन ठेवतं. मला यात वाईट काही दिसत नाही. पंचवटीतल्या पत्र्याच्या घरात पंखा कार्यक्षम झाला म्हणून तो रात्रभर चालू राहिला, तर लेकरं झोपली असं म्हणू.

रशिया-युक्रेन युद्धाने हे सहकार्य संपलं का?

रशियाबरोबरचं बहुतांशी गोठलं. पण भीतीने जे घडवलं ते कोणत्याही परिषदेला जमलं नव्हतं. जानेवारी 2009 मध्ये रशिया-युक्रेन भांडणात गॅस बंद झाला तेव्हा बल्गेरिया ऐन थंडीत गारठला होता. 2022 नंतर अख्ख्या युरोपला तो अनुभव आला आणि भिंतींच्या थराला, हीट पंपाला एकदम भाव आला. दुसरीकडे 1994 चा तो ऊर्जा सनद करार कोळसा-तेल कंपन्यांच्या गुंतवणुकीला संरक्षण देतो, या तक्रारीवरून युरोपीय संघानेच 2024 मध्ये सोडायचं ठरवलं.

दुबईच्या परिषदेत कार्यक्षमता दुप्पट करायचं ठरलं म्हणे. आपणही सही केली का?

2023 च्या दुबई परिषदेत शंभराहून अधिक देशांनी 2030 पर्यंत कार्यक्षमता सुधारण्याचा वार्षिक वेग दुप्पट करून 4 टक्क्यांवर नेण्याची स्वतंत्र प्रतिज्ञा घेतली. भारताने त्या प्रतिज्ञेवर सही केली नाही. परिषदेच्या सर्वसंमत ठरावात मात्र दुप्पट वेगाचा उल्लेख आहे आणि तो आपल्यालाही मान्य आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आंतरराष्ट्रीय ऊर्जा कार्यक्षमता केंद्रात सामील व्हायला मंजुरी दिली. सातपूरच्या बिलात यामुळे उद्या फरक पडणार नाही. मानकं, स्टार लेबल आणि मोटारींचे नियम ठरतात तिथे आपली खुर्ची असणं मात्र बरं.

आम्ही विद्यार्थी आहोत. या क्षेत्रात यायचं तर काय करावं?

बीईईची राष्ट्रीय परीक्षा आहे, ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्यासाठी. तिची चार पुस्तकं बीईईच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. परीक्षा द्यायची नसेल तरी तिसरं, विजेच्या उपयुक्ततांचं, वाचा. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ‘स्मार्ट सिटी’वर पोस्टर करण्याऐवजी तुमच्या कॉलेजचं वीजबिल मागून घ्या, बारा महिन्यांचं. करारातली डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेणार ते) आणि प्रत्यक्ष डिमांड यातला फरक काढा. प्राचार्यांना तो आकडा दाखवा आणि काय म्हणतात ते ऐका. आणि कारखान्यात गेलात की मॅनेजरच्या केबिनआधी कॉम्प्रेसर रूममध्ये जा. रात्रपाळीला तो कोण बंद करतं, की बंद करतच नाही, हे तिथल्या ऑपरेटरलाच माहीत असतं.